पब कधी बंद होतो यावर भांडण्याआधी दहा वाजता काय बंद व्हायला हवं ते बघा

बार-पब रात्री दहालाच बंद करा, असा ठराव बेळगाव महापालिकेच्या सभेत एकमताने झाला तरी त्याने एकाही बारचं शटर पाच मिनिटं आधी खाली येणार नाही. दारूविक्रीची वेळ महापालिकेच्या हातात नाहीच. कर्नाटकात ती अबकारी खात्याकडे आहे आणि परवान्याच्या प्रकारानुसार बदलते. सीएल-२ म्हणजे बाटली घेऊन घरी जायचं दुकान, सीएल-९ म्हणजे बार अँड रेस्टॉरंट, सीएल-७ म्हणजे लॉजिंगचं हॉटेल, सीएल-४ म्हणजे क्लब. पाटीवर पब लिहिलेलं असो की लाउंज, आत बहुधा यातलाच एखादा परवाना असतो. २०२४ साली रात्री एकपर्यंतची मुभा मिळाली ती बेंगळुरू महापालिकेच्या हद्दीपुरती. तिचा दाखला देऊन बेळगावात कुणी एकपर्यंत काउंटर चालू ठेवत असेल, तर त्याला एवढंच विचारायचं, तुझ्या परवान्यावर काय छापलंय?

माझं म्हणणं असं की शेजाऱ्यांनी वेळेच्या भांडणात शिरूच नये. तिथे हार ठरलेली आहे. झोप मोडते ती आवाजाने, आणि आवाजाचं घड्याळ वेगळं आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या वेळात लाउडस्पीकर फक्त बंदिस्त जागेत आणि आतल्यांपुरता चालतो. गच्चीवर पत्र्याची शेड ठोकून तीन बाजू मोकळ्या ठेवल्या तर ती बंदिस्त जागा होत नाही. म्हणजे टेरेसवरचं म्युझिक दहाला बंद, दारूची वेळ काहीही असो. आणि रात्रीच्या या बंदीचा भंग असेल तर तक्रारीला डेसिबलचा आकडाही लागत नाही. हे बहुतेकांना ठाऊक नसतं, म्हणून लोक मोबाइलवर आवाज मोजायचं अॅप घेऊन खिडकीत उभे राहतात.

त्या अॅपबद्दल. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. व्यापारी भागात ६५ आणि ५५. दवाखाना, शाळा, कोर्टापासून १०० मीटरपर्यंतच्या घोषित शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. खाजगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. खरं मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, खालचे सूर, म्हणजे बेस, त्याला नीट ऐकूच येत नाहीत. शिवाय नियमातलं माप 'ए' प्रकारचं आहे आणि त्यात ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज तब्बल ३० डेसिबलने कमी धरला जातो. घरातली भांडी थरथरतात, छातीत धाडधाड होतं आणि मीटरवर मात्र आकडा गरीब गाईसारखा. म्हणून पोलीस किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लोक मीटर घेऊन आले की 'ए'सोबत 'सी' मापही घ्यायला सांगा, त्यात बेस इतका कमी धरत नाहीत. दोन्हींत पंधरा-वीसच्या वर फरक आला तर समजा, दोष बेसचा आहे. म्युझिक बंद झाल्यावरचं मापही त्याच जागेवरून घ्यायला लावा. नाहीतर 'हा रस्त्याचाच आवाज' हे उत्तर तयार असतं.

मालकांनाही दोन शब्द. भिंतीला फोम नाहीतर अंड्याचे ट्रे चिकटवून शेजाऱ्यांची सुटका होत नाही. त्याने आतला घुमारा कमी होतो, बेस सरळ पार जातो. सबवूफर जमिनीवरून आणि सामाईक भिंतीपासून उचला, खाली जाड रबरी पॅड द्या, कारण अर्धा दणका स्लॅबमधून जातो. मग भोकं शोधा: एक्झॉस्ट फॅन, एसीच्या पाइपची जागा, दाराखालची फट. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी भोक उघडं राहिलं तरी भिंत कितीही जाड असो, तिची अडवणूक २० डेसिबलच्या आसपासच अडकते. लाखभराची भिंत आणि उघडा एक्झॉस्ट, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. दोन दारं आणि मध्ये छोटी लॉबी ठेवा, इतकी की दोन्ही एकदम उघडी पडू नयेत. अॅम्पला लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक हद्दीपुढे जाऊ न देणारं यंत्र, लावा आणि त्याची किल्ली डीजेकडे देऊ नका.

हेस्कॉमची वीज गेली की जनरेटर सुरू होतो, त्याचं वेगळंच. २००५ पासूनच्या संचांना (१००० केव्हीएपर्यंत) आवाज अडवणारी पेटी सक्तीची आहे, एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत. पेटीचं दार उघडं ठेवून चालवला की सगळं मुसळ केरात.

आता महापालिकेचं. वेळ तिच्या हातात नसली तरी बाकी बरंच आहे. व्यापार परवाना तीच देते. निवासी म्हणून मंजूर झालेल्या इमारतीत बार कसा, गच्चीवरची शेड मंजूर नकाशात आहे का, पार्किंगच्या जागेत टेबलं कशी, हे प्रश्न तिचे. नगरसेवकाला ठराव मागू नका, ही तपासणी मागा. कॅम्पात राहत असाल तर महापालिकेकडे खेटे घालू नका, तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड. निपाणीत नगरसभा, खानापुरात नगरपंचायत.

अबकारीकडे दोन मुद्दे टिकतात. पहिला, परवान्यासोबतच्या नकाशात दाखवलेल्या जागेबाहेर दारू दिली जाते का? गच्ची बहुतेकदा नकाशात नसते. दुसरा अंतराचा: देऊळ-मशीद, शाळा, दवाखान्यापासून १०० मीटर. हे अंतर कावळा उडतो तसं मोजत नाहीत, माणूस चालत जातो त्या जवळच्या वाटेने, दारापासून फाटकापर्यंत मोजतात. टेपने एकदा स्वतः मोजा, मगच लिहा.

कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा. तीन विषय कोंबले की अर्ज परत. परवान्याची प्रत आणि जागेचा नकाशा, एवढंच मागा. आवाजाची तक्रार शहरात पोलीस आयुक्तांच्या नावे, तालुक्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या (डीवायएसपी) नावे, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. मराठीत लिहा, तो आपला आग्रह आहेच, पण सोबत कानडी प्रत जोडा. नाहीतर टेबलावरचा माणूस भाषेवरून अर्ज बाजूला सारतो आणि आवाज राहतो तसाच. पोच शिक्क्यासकट घ्या. त्या रात्री पोलिसांच्या ११२ ला फोन करा, म्हणजे वेळेची नोंद राहते.

आणि एक कडू गोष्ट. पबविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या गल्लीत गणपतीचा डीजे बारानंतरही वाजतो. सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस सूट देऊ शकतं, तीही बारापर्यंतच. पबवाल्याचा वकील सगळ्यात आधी तोच व्हिडिओ काढणार.

अबकारीचं वर्ष १ जुलै ते ३० जून. नूतनीकरण जूनमध्ये होतं, तेव्हा हरकत मे महिन्यातच, आधीच्या तक्रारींच्या पोच क्रमांकांच्या यादीसह द्या. जुलैत दिलेला अर्ज पुढच्या जूनपर्यंत फाइलीत पडून राहतो.