जावईबापूंचा कूलर

परवा मंडळाच्या पिकनिकला एक अनोळखी गृहस्थ भेळेची प्लेट सांभाळत माझ्यापाशी आले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुम्हीच ना ते कूलरवाले?" मागे त्यांच्या मिसेस होत्या, त्यांनी लगेच तोंडावर ओढणी धरली. म्हणजे बातमी इथं इंग्लंडात आमच्या आख्ख्या स्लाउभर फिरून, वाटेत मीठमसाला लावून घेऊन माझ्याकडे परत आली होती. फिरवली कोणी ते मला पक्कं माहितीय. ते आत्ता घरात बसून चहात खारी बुडवतायत, म्हणून मी इथं गॅरेजात उलट्या बादलीवर बसून हे टाईप करतोय.

आधी गाडीचं उरकून घेतो. माझ्याकडे 1999 ची सुबारू इम्प्रेझा टर्बो आहे. निळी. चाकं सोनेरी, ती मी नंतर घातली. 1995 साली कॉलिन मॅक्रे इम्प्रेझातून वर्ल्ड रॅली चॅम्पियन झाला तेव्हा मी चिपळुणात नववीत होतो, आणि कुठल्याशा मासिकातला त्या निळ्या गाडीचा फोटो डोक्यात बसला तो बसलाच. नवी होती तेव्हा हिच्यात 218 घोडे होते, आता त्यातले किती हयात आहेत देव जाणे. गंज मात्र भरपूर, कारण इंग्लंडात थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीत मुरतं. मिठानं लोणचं टिकतं, गाडी टिकत नाही.

हिचा इंटरकूलर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी, कंपनीनं इंजिनाच्या डोक्यावरच बसवलाय आणि त्याला हवा मिळावी म्हणून बॉनेटवर ते भलंमोठं नाकाड. कल्पना तशी वाईट नाही, पाईप आखूड राहतात, पण ट्रॅफिकमध्ये अडकलात की खालून इंजिन आणि टर्बो मिळून त्याला भाकरीसारखं शेकतात आणि ज्यानं थंड करायचं तोच तापून बसतो. म्हणून हौशी लोक तो काढून बंपरच्या मागे, रेडिएटरच्या पुढे मोठा लावतात. फ्रंट माउंट. मीही किट मागवलं. खोक्यावर लिहिलं होतं 'बोल्ट-ऑन', म्हणजे नुसते बोल्ट आवळायचे, झालं. इतकं खोटं मी लग्नाच्या बायोडेटातही वाचलेलं नाही. आत सूचनांच्या कागदावर तळाला मुंगीच्या अक्षरात होतं की थोडीफार कापाकापी लागू शकते.

आणि नेमके त्याच आठवड्यात सासूसासरे अकोल्याहून आले.

मी ड्राइव्हवेत बंपर काढायला घेतला, बाबा स्वेटर, मफलर, कानटोपी अशा पूर्ण वेषात फोल्डिंगची खुर्ची घेऊन बाहेर आले.

"काय करून राह्यले जावईबापू?"

"इंटरकूलर बसवतोय बाबा."

इथं माझं चुकलं. 'गाडीचं काम' एवढंच म्हणायला हवं होतं. बाबांची नोकरी जिल्हा परिषदेत झाली पण त्यांचं खरं खातं कूलर. दर मार्चमध्ये माळ्यावरून तो पत्र्याचा सांगाडा उतरवायचा, गंज घासायचा, रंग मारायचा, वाळ्याच्या नव्या ताट्या भरायच्या, पंपात अडकलेला कचरा दाभणानं काढायचा आणि खिडकीबाहेर विटांवर असा बसवायचा की पाणी चारी बाजूंनी सारखं झिरपलं पाहिजे. चाळीस वर्षं. मे महिन्यात 45 डिग्रीला गल्लीतले लोक डॉक्टरला बोलवावं तसे त्यांना बोलवायला येतात. आणि मी कोकणातला, आमच्याकडे हवेतच एवढं पाणी की कूलर लावला तर घामाला सोबत होते, बाकी काही होत नाही. म्हणजे या विषयात मला तोंड उघडायचा अधिकारच नाही.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"इथं? कूलर? मी जूनमंदी सेटर घालून बसलो अन् तुमी कूलर लावून राह्यले?"

"माणसांना नाही हो. इंजिनाला."

"इंजिनले रेडिएटर असते ना."

"ते पाण्यासाठी. हा हवेसाठी."

"कोन्त्या हवेले?"

मग मी बंपर सोडून समजावत बसलो. की टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, हवा दाबली की तापते, सायकलचा पंप मारताना खालचं टोक कसं चटका देतं तसं, पार शंभर डिग्रीच्या वर जाते, आणि तापलेली हवा विरळ, म्हणजे तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी, वर पेट्रोल भलत्या वेळी पेटून इंजिन नॉक करायची भीती, म्हणून सिलिंडरात जायच्या आधी ती या जाळीतून फिरवून थंड करायची. मला वाटलं, काय सुंदर सांगितलं आपण. बाबा बराच वेळ मफलरचं टोक चाचपत होते.

"म्हंजे हवा पयले गरम करता."

"करत नाही. होते."

"होते. अन् मंग तिले थंडी करता."

"हो."

"त मंग पयलेच गरम नोका करू ना!"

1905 साली आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं टर्बोचं पेटंट घेतलं, तेव्हापासून एवढ्या हुशार लोकांनी या विषयात डोकं घातलं, पण त्यांच्यापैकी कोणाच्या ड्राइव्हवेत अकोल्याचे सासरे खुर्ची टाकून बसले नव्हते. मी पान्याकडे बघितलं. पान्याकडेही उत्तर नव्हतं.

"बरं, राहू द्या," बाबा म्हणाले, मला माफ केल्यासारखे. "पानी कुठून टाकाचं?"

"यात पाणी नसतं."

"ताटी?"

"ताटीपण नसते."

"पंप त असंन."

"नाही बाबा."

त्यांनी तो 600 बाय 300 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा चकचकीत ठोकळा, ज्यासाठी मी बायकोला अर्धीच किंमत सांगितलीय, बोटानं टकटक वाजवला आणि निकाल दिला. "मंग हे कूलर नोहे जावईबापू. तुमाले फसोलं."

एवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांना गाडीवरचं सहा ताऱ्यांचं चिन्ह आवडलं होतं, तर मी आपलं बोलून गेलो की सुबारू म्हणजे जपानीत कृत्तिका. मला वाटलं तेवढंच इंप्रेशन. त्या कप हातात घेऊन थबकल्याच. "कृत्तिका? तिचं दैवत त अग्नी. अग्नीच्या नक्षत्राले कूलर लावता?" आणि आत जाऊन हळदीकुंकू घेऊन आल्या, नाकाडाला लावलं. निळ्या रंगावरचं कुंकू पॉलिशनंही जात नाही हे तुमच्या माहितीसाठी सांगतो.

पुढचे दोन दिवस कसे गेले विचारू नका. बंपरचे प्लॅस्टिकचे क्लिप एकेक करत टक् टक् तुटले, तुटला की बाबा मोठ्यानं आकडा म्हणायचे, चौदापर्यंत गेले. एक बोल्ट गंजून असा बसला होता की डोकं हातात आलं आणि धड आतच राहिलं. बंपरमागचा लोखंडी बीम ग्राइंडरनं कापताना हात थरथरत होता, कारण तो बीम टक्कर झाली तर मला वाचवण्यासाठी आहे आणि मी तो एका जाळीसाठी कापत होतो, आणि ही गोष्ट मी मनातसुद्धा हळूच म्हणत होतो. हॉर्न हलवावा लागला. मग कळलं की किटचा एक पाईप काच धुण्याच्या पाण्याच्या टाकीतूनच जाणार आहे, म्हणून टाकी उपसून डिकीत न्यावी लागली. ते बघून बाबा खुर्चीतून उठलेच.

"म्हंजे टाकी होती? अन् ते पन काढली?"

त्या रात्री अकोल्याला व्हिडिओ कॉल झाला. पलीकडे किमान सहा डोकी होती आणि सगळी हसत होती. हीच बातमी मग स्लाउला आली असणार, अकोल्यामार्गे.

आता थोडं खरं बोलतो. स्टॉक, म्हणजे कंपनीनं दिलेल्याच टर्बोच्या गाडीला या फ्रंट माउंटची गरजच नसते. टर्बो मोठा केला, ट्रॅकवर पळवली तर उपयोग, मी नेतो गाडी सुपरमार्केटला. उलट पाईप लांब झाले म्हणून आता पाय दाबला की आधी जरा विचार करते आणि मग पळते, पंचविशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं होतं तसं. इन्शुरन्सवाल्या बाईनं फोनवर विचारलं, या बदलानं परफॉर्मन्स वाढलाय का? मी प्रामाणिकपणे नाही म्हटलं. तर म्हणे मग बसवला कशाला? तोच प्रश्न, फक्त वऱ्हाडीऐवजी इंग्रजीत. आणि नव्वद पाउंड वाढवले. परफॉर्मन्स वाढला नाही हे मान्य करून वाढवले. यावर काय बोलणार. नव्या इलेक्ट्रिक गाड्यांवाले मित्र येऊन हळूच सुचवतात की विकून टाक आता, म्हातारी झाली. त्यांच्या गाडीत काही बिघडलं तर ते बॉनेट उघडत नाहीत, ॲप उघडतात.

पहिल्या राउंडला बाबांना शेजारी बसवलं. राउंडअबाउटमधून बाहेर पडून जरा जोरात दाबली आणि फट्ट असा आवाज झाला, इंजिन गचके खायला लागलं, मागून काळा धूर. सिलिकॉनचा होज पाईपवरून निसटला होता.

"पंक्चर झालं वाटते," बाबा शांतपणे.

घरी ढकलत आणली. कोणत्या जोडातून हवा जाते ते शोधायला गॅरेजवाला स्मोक टेस्टचे पैसे मागत होता. बाबांनी भांडी घासायच्या लिक्विडचा फेस केला, मला पंपानं पाईपात हवा भरायला लावली आणि प्रत्येक जोडावर फेस लावत गेले. तिसऱ्या जोडावर बुडबुडे आले. पाच मिनिटांत. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

आणि खरा घाव त्याच रात्री बसला. झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचत पडलो तर दिसलं की जपानातल्या काही इम्प्रेझा एसटीआयमध्ये, म्हणजे हिच्याच जास्त तगड्या बहिणींमध्ये, कंपनीनंच एक बटण दिलेलं होतं. ते दाबलं की इंटरकूलरवर पाण्याचा फवारा. टाकी, पंप, नळी, सगळं. फक्त वाळा नव्हता. हे मी घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

एक राहिलं होतं. खालचा जुना इंटरकूलर काढला म्हणून बॉनेटवरचं नाकाड रिकामं, पाऊस थेट इंजिनावर. "मंग हे नाकपुडं कायले ठेवलं?" असं म्हणत बाबांनीच त्यावर इलाज केला. सासूबाई तिखट, जवसाची चटणी आणि आवळा सुपारी आम्रखंडाच्या रिकाम्या डब्यांतून घेऊन आल्या होत्या. बाबांनी तिन्ही झाकणं कात्रीनं सरळ कापून ओळीनं नाकाडात बसवली, आतून टेप. आता समोरून माझी गाडी वाचता येते. आम्रखंड, आम्रखंड, आम्रखंड. काढून टाकणार होतो, पण काल दिवसभर पाऊस पडला आणि इंजिनावर थेंब नाही.

आज सकाळी पेट्रोल भरताना वीसएक वर्षांचा एक गोरा पोरगा आपली खालपर्यंत बसवलेली गाडी सोडून माझ्या गाडीपुढे उकिडवा बसला. फोटो काढला. मग एकदम आदरानं विचारलं, हे स्कूपचं झाकण ओरिजिनल जपानी आहे का, कुठं मिळेल.

मी म्हटलं, हो. फार दुर्मिळ आहे.

बाबांनी काच खाली केली. "काय म्हने तो?"

"झाकण आवडलं त्याला. कुठं मिळतं विचारतोय."

"अर्ध्या किलोचे तीन घे म्हना," बाबा म्हणाले. "किलोचं नाही बसत."