स्वस्त घर स्वस्तच कसं ठेवाल?

अमेरिकेत कारखान्यात बांधलेलं, ट्रकमागे ओढत आणून उभं करायचं घर घेताय? छान. एकच पथ्य पाळा. किंमत म्हणजे विक्रेत्याने घरावर लावलेल्या पाटीवरचा आकडा, एवढंच मनात पक्कं ठेवा. बाकीचे खर्च 'परवडणं' या खात्यात धरायचे नसतात.

भिंतीवर टकटक करून आत काय भरलंय हे तर मुळीच विचारू नका. या घरांसाठी 'हड कोड' नावाची राष्ट्रीय बांधकाम संहिता जून 1976 पासून लागू आहे. तिच्यातले थंडी-उन्हापासून बचावाचे नियम 1994 मध्ये सुधारले, त्यानंतर फारसे हलले नाहीत. जुनं ते सोनं.

काही उतावळ्यांना मात्र हे बघवलं नाही. 2007 मध्ये संसदेने कायदा करून ऊर्जा खात्याला चार वर्षांत या घरांसाठी ऊर्जाबचतीचे नियम करायला सांगितलं. खात्याने घाई केली नाही. 2017 मध्ये सिएरा क्लब या पर्यावरणवादी संस्थेने कोर्ट गाठलं, तेव्हा कुठे मे 2022 मध्ये नियम आले, आणि ते 31 मे 2023 पासून पाळायचे असं ठरलं. ती तारीख उजाडायच्या आत उत्पादकांची संघटना कोर्टात आणि तारीख पुढे! मोठ्या घरांना 1 जुलै 2025 पर्यंत मुभा मिळाली. लहान घरांचं त्याहून सोपं केलं: अंमलबजावणीची कार्यपद्धती ठरेल, त्यानंतर 60 दिवसांनी बघू. पुढे मोठ्या घरांची तारीखही अशीच सरकली. एवढी दूरदृष्टी असलेल्या खात्याच्या भरवशावर तुम्ही निर्धास्त घर घ्या.

आता खात्याचा हिशेब कुणी दाखवलाच तर काय कराल? नव्या नियमांनी एका तुकड्याचं लहान घर 750 डॉलरच्या आत महागेल आणि बिलात वर्षाला सरासरी 177 डॉलर वाचतील. दोन तुकडे जोडलेलं घर 4,000 डॉलरच्या आसपास महागेल आणि 475 वाचतील, असं खातं म्हणतं. म्हणजे लहान घराचे पैसे चारेक वर्षांत वसूल. भागाकार करू नका, मनस्ताप होतो. त्याऐवजी ठासून सांगा, की किंमत वाढली तर गरिबाला कर्जच मिळणार नाही. हे वाक्य बिनधास्त वापरा, कारण त्यात तथ्य आहे. काठावरच्या गिऱ्हाइकाला चार हजार डॉलर खरोखरच नडतात, आणि ज्याला घरच मिळालं नाही त्याला जाड भिंतीचं काय कौतुक?

फक्त हा कळवळा कुठे खर्च करायचा ते नीट शिका. तो भिंतीत ऊब राखायला भरलेल्या कापसापुरता राखून ठेवायचा. व्याजाच्या वेळी तो काढायचा नाही. जागा मालकीची नसली की घराला बहुधा गाडीसारखं जंगम वस्तूवरचं कर्ज मिळतं, आणि त्याचा व्याजदर साध्या गृहकर्जाहून चांगलाच चढा असतो. तिथे कुणी गरिबाच्या नावाने कोर्टात धावलेलं दिसलं तर मलाही कळवा. जागेच्या भाड्याचंही तेच. घर तुमचं, जमीन पार्कमालकाची, म्हणजे अशी घरं उभी करायला जागा भाड्याने देणाऱ्याची. त्याने भाडं वाढवलं तर घर उचलून दुसरीकडे न्या म्हणे! खाली पोलादी सांगाडा कायमचा असतोच. हलवायला हजारो डॉलर लागतात एवढंच, पण तो खर्चही पाटीवर नाही. म्हणजे नाहीच.

थंडी आली की खिडक्यांना प्लास्टिकचा पातळ पडदा चिकटवा आणि केस वाळवायच्या यंत्राने ताणून घ्या. घराखालचे नळ गोठू नयेत म्हणून त्यांना विजेची गरम पट्टी गुंडाळा. तिचं बिल येईल, पण ते वेगळ्या लिफाफ्यात येतं.

तरीही भागलं नाही तर सरकार आहेच. कमी उत्पन्नवाल्यांची घरं उबदार करून द्यायची केंद्राची योजनाही 1976 चीच, हड कोडची जुळी बहीण म्हणा. कारखान्यात घराचा तळ उघडा असताना जे भरायला चारदोन तास पुरले असते, ते भरायला आता माणसं तुमच्या घराखाली सरपटत जातील, घराच्या तळाला ताणलेलं कापड फाडतील, पाइपने आत कापूस फुंकतील आणि ठिगळ लावून निघून जातील. तेही फुकट, म्हणजे करदात्यांच्या पैशाने. नंबर लागेपर्यंत स्वेटर घालून बसा, आणि अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडायला विसरू नका.