बोहारणीचा फोटो आणि ‘किडन्या काढणारी टोळी’

मंगळवारी सकाळी आईचा फोन. “पोराला एकट्याला खाली खेळायला सोडू नकोस गं, टोळी आलीय.” कुठली टोळी, विचारलं तर तिनं मेसेज पुढे पाठवला. दुपारपर्यंत तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर आणि भावाकडून असा आणखी तीनदा आला. संध्याकाळी ग्रुपवर एक फोटो पडला. गेटजवळ उभी असलेली बाई, डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं. खाली ओळ: “हीच ती. ओळखून ठेवा.”

ती बोहारीण आहे. बारा वर्षं आमच्याकडे येते. आईच्या ओट्यावरचं मोठं पातेलं आणि पुरणाची चाळण तिच्याकडूनच जुन्या साड्यांवर घेतलेली आहे. एका चाळणीवरून दोघींची अर्धा तास घासाघीस चालते, मग आई तिला चहा देते. तोच मेसेज माझ्या आईनंही पुढे पाठवला, म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज असा: महाराष्ट्रात ४०० जणांची टोळी उतरली आहे, भिकारी, साधू, भंगारवाले, बोहारणी अशा वेशात फिरून मुलं पळवते आणि किडन्या काढून विकते, सोबत व्हिडिओचा पुरावा, देशात वर्षाला ८० हजार मुलं गायब होतात, ही माणसं जन्मजात गुन्हेगार असतात, त्यांना दारात उभं करू नका, सापडले तर आधी चोप द्या, पोलिसांना नंतर बोलवा.

४०० हा आकडा कुणी मोजला, कुठल्या ठाण्यात गुन्हा नोंदला, कधी, यातलं काहीच मेसेजमध्ये नाही. त्यावर वेळ घालवत नाही.

व्हिडिओत मोटरसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यात खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. बघताना माझ्याही पोटात गोळा आला. हा व्हिडिओ कराचीचा आहे. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेनं जनजागृतीसाठी तो मुद्दाम बनवला होता. मूळ फिल्ममध्ये तेच दोघं गाडी वळवून परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि पालकांसाठी लिहिलेला फलक दाखवतात. ते शेवटचं दृश्य कुणीतरी कापून टाकलं. २०१८ मध्ये हीच कापलेली फीत देशभर फिरली होती.

किडनीचं तर डोकं ठिकाणावर ठेवून वाचलं तरी कळेल. रक्तगट जुळावा लागतो, क्रॉसमॅच (देणाऱ्याची किडनी घेणाऱ्याचं शरीर नाकारेल का, याची रक्ताची चाचणी) करावी लागते, ऑपरेशन थिएटर लागतं, सर्जन आणि भूलतज्ज्ञ लागतात. काढलेली किडनी बर्फात ठेवली तरी साधारण दीड दिवसाच्या आत बसवावी लागते. भंगाराच्या टेम्पोत हे होत नाही. किडनीचे काळे धंदे आहेत, ते नाकारत नाही. पण ते रुग्णालयांत, खोट्या नात्याची कागदपत्रं जोडून चालतात, आणि किडनी विकणारा बहुतेक वेळा कर्जात बुडालेला गरीब माणूस असतो. ज्याला मेसेज चोर ठरवतो, तोच या धंद्यात लुटला जातो.

८० हजारांचा आकडा मात्र खोटा नाही, हे मान्य करावं लागेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात ८३,३५० मुलं हरवल्याची नोंद आहे. पण त्याच पानावर पुढचं वाचा. त्यातल्या ६२,९४६ मुली आहेत. आणि त्याच वर्षी ८०,५६१ मुलं सापडली (आधीच्या वर्षी हरवलेलीही यात धरली आहेत). हरवलेल्या दर चार मुलांत तीन मुलीच का असतात, याचा विचार या मेसेजला करायचाच नाही. मनाविरुद्ध ठरलेलं लग्न, घरातली मारहाण, प्रेमप्रकरण, कामाचं आमिष दाखवून नेणारा ओळखीचाच माणूस, अशी त्याची कारणं आहेत. बरं, ‘अपहरणा’चे आकडे एवढे मोठे का दिसतात? २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरूनच तपास सुरू करायचा. चांगला आदेश आहे, त्यामुळे पोलीस ‘येईल दोन दिवसांत’ म्हणून परत पाठवू शकत नाहीत. पण बापाशी भांडून मुंबईची गाडी पकडलेला पोरगाही कागदावर अपहरणातच येतो. आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांत दहांपैकी नऊहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो, हेही त्याच विभागाच्या आकड्यांत आहे. बोहारणीवर नजर ठेवून आपण नेमकं कुणावरची नजर काढून घेतोय?

“मग गावित बहिणी विसरलीस का?” असं भावानं विचारलं. विसरले नाही. नव्वदच्या दशकात त्या दोघी बहिणींनी आणि त्यांच्या आईनं मुलं पळवली, चोऱ्या करताना ढालीसारखी वापरली आणि काहींना मारून टाकलं. ते खरं आहे, भयंकर आहे. पण तो एका कुटुंबाचा गुन्हा होता, पोलिसांनी शोधला, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि त्यांनी पळवलेल्या मुलांमध्ये भीक मागणाऱ्या बाईचंही लेकरू होतं.

‘जन्मजात गुन्हेगार’ हा शिक्का इंग्रजांच्या कायद्यातून आलेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं सबंध जमातीच चोर ठरवल्या. हजेरी लावल्याशिवाय गाव सोडायचं नाही, काहींना तर तारेच्या कुंपणात ठेवलेलं. सोलापुरात असं कुंपण होतं तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कायद्यानं पुसला. आमच्या ग्रुपवर तो या मंगळवारी पुन्हा मारला गेला.

आता ‘आधी चोप द्या’. हे वाक्य ज्यांनी निमूटपणे पुढे पाठवलं त्यांनी राईनपाडा आठवावं. धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथं आली होती. डौर वाजवत गावोगाव भिक्षा मागणारा हा समाज. यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, जिथं पाऊस नाही, शेत नाही, म्हणून घर सोडून भिक्षेला निघालेले. एकानं लहान मुलीशी बोलल्याचं निमित्त झालं. मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज आधीपासून फिरतच होते. जमावानं पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. सोडवायला आलेल्या पोलिसांनाही मार बसला. पाचांपैकी कुणीही मूल पळवलेलं नव्हतं.

मला त्या खोलीचा विचार सोडत नाही. ग्रामपंचायतीची खोली, जिथं रेशनकार्डाचे अर्ज आणि जन्माचे दाखले ठेवतात.

त्यानंतर बाराच दिवसांनी कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात एका तरुण इंजिनिअरला जमावानं ठार मारलं. मित्रानं शाळेच्या मुलांना चॉकलेटं दिली, एवढंच झालं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना पट्ट्यांनी, काठ्यांनी झोडपलं. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. हे मेसेज लिहिणारे कधी समोर येत नाहीत, खटले मारणाऱ्यांवर होतात. आता भारतीय न्याय संहितेत जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेल्या खुनाला जन्मठेप किंवा फाशी आहे.

खरंच कुणाबद्दल शंका आली तर ११२ लावा. मुलाचा प्रश्न असेल तर १०९८. दोन्ही फुकट आहेत.

आईनं मेसेज काल काढून टाकला आणि ज्यांना पाठवला होता त्या अकरा जणींना एकेक फोन केला. सोसायटीच्या ग्रुपवरचा फोटो मात्र अजून तसाच आहे, आणि गेटवरच्या काकांनी त्याची प्रिंट काढून केबिनच्या काचेवर चिकटवली आहे. ज्यांनी तो टाकला त्यांनी तो आज काढावा, प्रिंटही काढावी. ती बाई महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येते. आईनं चार साड्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलंय.