चार आकडे आणि तीन टिंबं दिसली की झाला आयपी?

पुन्हा तेच! आज सकाळी सहकाऱ्याने वेब सर्व्हरच्या लॉगमधून (कोण कधी आलं याच्या नोंदींमधून) काढलेली आयपींची, म्हणजे इंटरनेटवरच्या मशीनच्या पत्त्यांची, यादी पाठवली. सगळ्यात वर, हजारो वेळा आलेला पत्ता: १२०.०.०.०. म्हणे हाच हल्लेखोर, फायरवॉलवर ब्लॉक करूया. अरे बाबा, तो क्रोमचा व्हर्जन नंबर आहे! यूजर एजंटमध्ये, म्हणजे ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो त्या मजकुरात, ‘क्रोम/१२०.०.०.०’ असं ढळढळीत लिहिलंय. फाइल उघडून एक ओळ तरी वाचायची होतीस ना?

कुठूनतरी उचललेला तोच रेजेक्स (मजकुरात ठरावीक नमुना शोधणारं सूत्र) अजून किती वर्षं डकवणार आहात? एक ते तीन अंक, टिंब, असं चारदा, की संपलं! मग ९९९.९९९.९९९.९९९ सुद्धा पत्ता ठरतो. टिंबाआधी बॅकस्लॅश विसरलात की ते टिंब वाटेल त्या अक्षराला जुळतं, आणि दहा आकडी मोबाइल नंबरही आयपी होऊन बसतो. कोणी प्रत्येक आकड्याला २५५ ची खरी मर्यादा घालतो, पण आकडा तिथेच संपला पाहिजे अशी शेवटी सीमा बांधत नाही. मग १९२.१६८.१.२५६ या चुकीच्या मजकुरातून १९२.१६८.१.२५ कापून निघतो. दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनचा पत्ता! त्या बिचाऱ्याने काय पाप केलं?

आणि आयपीव्ही६, म्हणजे वेगळ्या रूपाचे नवे आयपी पत्ते? मोबाइलवरून येणारे कितीतरी लोक त्यावरूनच येतात. ते यादीत नाहीतच! कोणाला पत्ताही नाही.

नेहमीच्या ॲक्सेस लॉगमध्ये पत्ता ओळीच्या सुरुवातीलाच असतो. पहिला रकाना घ्या, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या तयार आयपीॲड्रेस मॉड्यूलकडून तपासून घ्या. चार ओळींचं काम आहे हो!