शॉकअप दबत नाही, ही तक्रार खरी आहे

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. जूनमध्ये शाळा उघडताना नऊ वर्षांच्या मुलासाठी 24 इंची, पुढं शॉकअप असलेली सायकल आमच्या लातूरच्या दुकानातून 9,200 रुपयांना नेलीत. सुट्टीत गावाकडं पांदणीनं चालवली की लेकराचे हात बधिर होतात, शॉकअप काही केल्या दबत नाही, आणि दसऱ्याच्या आतच पुढून खटखट सुरू झाली. दाखवायला आलात तर आमच्या दुकानातल्या पोरानं ‘वॉरंटीत बसत नाही’ म्हणून वाटेला लावलं. शेवटी लिहिलंत की डुप्लिकेट माल गळ्यात मारला.

डुप्लिकेटचं तेवढं मान्य नाही. माल कंपनीचा आहे, फ्रेम नंबर बिलावर आहे. बाकी सगळं खरं आहे. आणि खरी अडचण हीच आहे की ह्या किमतीत ओरिजिनल शॉकअपसुद्धा असाच येतो.

सायकल घेतली त्या दिवशी काय झालं ते मला आठवतं. तुमच्या मिस्टरांनी हँडलवर दोन्ही हात टेकून जोर दिला, शॉकअप खालीवर झाला, लेकरू खूश. मग मीही दाबून दाखवला. आम्ही दोघं सत्तर किलोच्या पुढचे. तुमचा मुलगा 26 किलोचा, त्यातही सीटवर बसल्यावर बरंचसं वजन मागच्या चाकावर जातं. पुढं आठ-दहा किलो आलं तर आलं. आतली स्प्रिंग एवढ्याशा वजनाला दाद देत नाही. बसल्याबसल्या शॉकअप थोडा तरी खाली बसायला हवा, तर तो खड्ड्यात काम करतो. तुमच्या मुलाच्या वजनाखाली तो हलतच नाही, म्हणजे लेकराच्या हिशोबानं ती एक जड काठीच झाली. वरची चक्री सैल केली तर केसभर फरक पडतो, त्यानं स्प्रिंग मऊ होत नाही.

तुमची तक्रार वाचून काल तसलाच एक शॉकअप दुकानात उघडला. खालून दोन्ही बाजूंचे ॲलन बोल्ट काढले की खालचे पाय निघून येतात. एका पायात स्प्रिंग आणि प्लास्टिकची दांडी. दुसरा पाय रिकामा, बोट घातलं तर बोटाला काळी राड. मोटारसायकलच्या शॉकअपमध्ये तेल असतं, ते स्प्रिंगला आवरून धरतं. इथं तेलाचा थेंब नाही, म्हणून जोराचा दणका बसून दबलाच तर तसाच उसळून वर येतो. वरून पायात शिरणाऱ्या नळीभोवती प्लास्टिकचे बुश, म्हणजे कड्या असतात. रबरी टोपीच्या आत पावसाळ्यात आपल्या रानातली चिकट माती आणि पाणी अडकतं, ग्रीस संपतं, बुश झिजतात आणि मग ती खटखट.

एकदा घरी खात्री करा. पुढचा ब्रेक घट्ट दाबा, सायकल मागं-पुढं हलवा, आणि दुसऱ्या हाताची बोटं नळी जिथं पायात शिरते तिथं ठेवा. तिथं हिसका लागला तर बुश गेले. हँडलखालच्या कपाजवळ लागला तर कप-कोन, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल आहे, ते दहा मिनिटांचं काम. आमच्या पोरानं हे न बघताच तुम्हाला परत पाठवलं. झिजणारे पार्ट वॉरंटीत बसत नाहीत हे तो बरोबर बोलला, पण सायकल स्टँडला लावून तरी बघायची होती. त्याला बोललोय. तुमची मात्र माफी मागतो.

आता माझी चूक. हे सगळं मला जूनमध्येही माहीत होतं. काट्यावर टाकलं तर हा शॉकअप 2 किलो 150 ग्रॅम भरतो, साधा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा बिनस्प्रिंगचा फोर्क, 1 किलो 100. अख्खी सायकल साडेपंधरा किलोची, म्हणजे मुलाच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. मिस्टरांना म्हणावं, त्याच हिशोबानं तुम्ही बेचाळीस किलोची सायकल चढावर मारून बघा. पण शॉकअप दिसला की पोरगं हटून बसतं, आणि साध्या चिमट्याची सायकल दुकानात दोन वर्षं धूळ खाते. विचारल्याशिवाय मी सांगत नव्हतो.

हाताला बसणारे हादरे आजच्या आज कमी होतील, ते हवेनं. पंक्चरवाले कॉम्प्रेसर लावून टायर दगडासारखा करून देतात. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा जास्तीत जास्त किती सोसेल याचा असतो, तेवढी हवा भरायचीच असं नाही. एवढ्या रुंद टायरात, 26 किलोच्या लेकराला 25 पीएसआयच्या आसपास पुरते. त्याच्या फार खाली मात्र नको, दगडावर आपटलं की रिम ट्यूबला चावते. (बाभळीच्या काट्यापुढं 25 काय आणि 50 काय.) टायरची ही गादी त्या शॉकअपपेक्षा जास्त काम करते. फुकटात.

बुश गेलेले निघाले तर शॉकअप काढून साधा चिमटा बसवून देतो. चिमटा आणि मजुरी माझ्याकडून, जुना शॉकअप तुमचाच. पण हाताला लागेल तो चिमटा चालत नाही. तुमच्या सायकलीला पुढं डिस्क ब्रेक आहे, म्हणजे डाव्या पायावर कॅलिपर (डिस्क दाबणारा ब्रेकचा भाग) बसवायची पट्टी हवी. वरच्या नळीचा व्यास आणि आटे जुळायला हवेत. आणि एक्सलपासून हँडलच्या खालच्या कपापर्यंतची लांबी शॉकअपएवढीच हवी. आखूड बसवला तर सायकल पुढं झुकते आणि हँडल चंचल होतं, लेकरू एका हातानं घाम पुसायला गेलं की पडतं. तसा चिमटा मागवलाय, आठ-दहा दिवसांत येईल. सायकलीचे पैसे परत मागितलेत, ते मला जमणार नाही. चार महिने चाललेली सायकल कंपनी माझ्याकडून परत घेत नाही.

चिमटा आला की फोन करतो. येताना मुलाला सोबत आणा, नव्या चिमट्यावर हँडलची उंची त्याला सीटवर बसवूनच ठरवावी लागेल.