‘मग ऑपरेशन करायचंच कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘यकृताचा कॅन्सर काढल्यावरही ५ वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत लोकांना तो परत होतो, असं लिहून तुम्ही पेशंटला घाबरवता. मग ऑपरेशन करायचंच कशाला?’ वडिलांचं ऑपरेशन तोंडावर आलेलं असताना ते वाक्य वाचून तुमच्या पोटात गोळा आला असणार. चूक माझी आहे. त्याच्या शेजारीच दुसरा आकडा द्यायला हवा होता: नीट पारखून ऑपरेशनला घेतलेल्या पेशंटपैकी निम्म्याहून अधिक जण ५ वर्षांनंतरही हयात असतात.

दोन्ही आकडे खरे आहेत, कारण गाठ परत आली तरी पुष्कळदा उपाय हाताशी असतात. वेळेत सापडली तर ती पुन्हा कापता येते, सुई घालून जाळता येते, काहींना प्रत्यारोपणही करता येतं. पहिल्या २ वर्षांत उगवणारी गाठ बहुधा जुन्या गाठीतून निसटलेल्या पेशींची असते. त्यानंतरची बहुतेकदा नवीच असते, सिरॉसिस झालेल्या, म्हणजे जुन्या इजेचे व्रण पडून कडक झालेल्या यकृतात तयार झालेली. म्हणून मूळ आजार हिपॅटायटिस बी असेल तर ऑपरेशननंतरही अँटिव्हायरल गोळ्या सोडायच्या नाहीत. हे मी पेशंटला अक्षरशः हात जोडून सांगतो.

‘सर्जन घाबरून कमी कापतात’ हे तुमचं म्हणणं मात्र मला मान्य नाही. निरोगी यकृत २५-३० टक्के उरलं तरी माणूस तरतो. सिरॉसिसमध्ये निदान ४० टक्के राखावं लागतं. असं यकृत हाताला कडक आणि गाठीगाठींचं लागतं, कापताना झिरपत राहतं. रक्तस्राव आवरायला आम्ही त्याच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या १५ मिनिटं आवळतो, मग ५ मिनिटं सोडतो. सिस्टर घड्याळाकडे बघून ‘पंधरा झाली’ म्हणतात, पकड सुटते आणि काळवंडलेलं यकृत पुन्हा लालसर होतं. तो रंग परतेपर्यंत टेबलाभोवती कोणी बोलत नाही. त्या वेळी एक सेंटिमीटर जास्त कापावं की राखावं, हा निर्णय भीतीपोटी घेतलेला नसतो.

तुमच्या सर्जनना दोन गोष्टी जरूर विचारा: किती टक्के यकृत उरणार आहे, आणि पोर्टल शिरेतला, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतला दाब वाढलाय का. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशीचे बिलिरुबिन (काविळीचं प्रमाण) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) बघा. उरलेलं यकृत काम पेलतंय का, ते त्यावरून कळतं. पुढची २ वर्षं दर ३-४ महिन्यांनी स्कॅन चुकवू नका. वडील घरी आले की इथे दोन ओळी लिहा, मी वाट बघतोय.