मुळ्याचे आजोबा

शिवाजीनगरची वेधशाळा काही म्हणो, आमच्याकडे हिवाळा सूचनेने सुरू होतो. 'प्रिय पालक, उद्यापासून मुलांना स्वेटर, कानटोपी व पायमोजे घालून पाठवावे. प्रत्येक वस्तूवर नाव घालावे.' नातीच्या प्ले-ग्रुपची ही सूचना व्हॉट्सॲपवर येऊन पडली, की तिच्याखाली भराभर प्रश्न उगवायला लागतात. स्वेटर पूर्ण बाह्यांचा की बिनबाह्यांचा? लोकर टोचत असेल तर आत काय घालायचं? कान झाकल्यावर मुलांना ताईंचं ऐकू येतं का? या शेवटच्या प्रश्नावर ताईंनी 'तसंही येत नाही' असं उत्तर लिहिलं आणि लगेच पुसलं. मी वाचलं होतं.

मुलगा आणि सून सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जातात ते दिवेलागणीनंतर उगवतात. त्यामुळे 'पालक' या पदाचा कार्यभार माझ्याकडे आणि आमच्या हिच्याकडे आहे. मी पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता होतो. धरणग्रस्तांच्या बैठकांना उभं राहिलेला माणूस पालकसभेला काय घाबरणार, असं मुलाचं म्हणणं पडलं. धरणग्रस्त निदान एका वेळी एक जण बोलायचे.

पहिली लढाई स्वेटरची. सकाळी मी जे मूल फाटकातून आत सोडतो, त्याच्या अंगात लाल स्वेटर आणि डोक्यावर पिवळी कानटोपी असते. साडेअकराला परत मिळतं ते मूल तेच असतं, बाकी कशाचीही खात्री देता येत नाही. नावाची चिठ्ठी शिवलेली असते. पण ज्यांच्यासाठी शिवायची त्यांना वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं त्या दोन ताईंच्या हाती पंचवीस मुलं असतात. एकदा आमची नात निळा स्वेटर घालून घरी आली. छातीवर डायनोसोर. तो काढायला ती तयार होईना. तोवर गटावर निरोप आला, 'आमचा डायनोसोर कुणाकडे आहे?' मी लिहिलं, 'आमच्याकडे. जेवला आणि झोपला आहे.'

संध्याकाळी डायनोसोरचे बाबा आले. येताना हिरवा, गोंडेवाला स्वेटर घेऊन आले. तो आमचा नव्हता. गोंडेवाल्या घरी चौकशी केली, तर त्यांच्याकडे एक जांभळा निघाला आणि आमचा लाल त्या जांभळ्याच्या घरी वाळत होता. त्यांनी तो धुतलाही होता, कारण लेकीने त्याला नाक पुसलं होतं. १९६९ साली बच्छावत लवाद नेमला गेला, तेव्हा कृष्णेच्या पाण्यावर हक्क सांगणारी राज्यं तीन होती. इथे घरं चार होती आणि न्यायमूर्ती एकही नव्हता. शेवटी सगळे आमच्याकडे जमले, हिने पोहे केले, स्वेटर ज्याचे त्याला पोचले. फक्त डायनोसोर दुसऱ्या दिवशी सकाळी, नात झोपेत असताना, परत करावा लागला.

स्वेटरांची अदलाबदल निदान दिसते. सर्दीची दिसत नाही. सोमवारी एकाला, बुधवारी सगळ्यांना. गटावर उपायांची झड लागते. एक आई वेखंड आणि सुंठ उगाळून लावायला सांगते, दुसरी ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकवून उशीशी ठेवायला सांगते, तिसरी एका यंत्राचा दुवा पाठवते, ज्याच्यातून वाफ येते आणि खिशातून आठ हजार जातात. गटात एक बाबा बालरोगतज्ज्ञ आहेत. ते सहसा काही बोलत नाहीत. फार आग्रह झाल्यावर त्यांनी लिहिलं, 'या वयात वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं साधारण समजावं.' गट शांत झाला. मग मी विचारलं, 'आजोबांना किती वेळा?' त्याला त्यांनी नुसता हात जोडल्याचा बाहुला पाठवला.

नात दोन दिवसांत बरी झाली. मी पंधरवडाभर शिंकत होतो.

डिसेंबरात 'विंटर डे'. मुलांनी पांढरे कपडे घालून यायचं आणि वर्गात बर्फ पडणार. पुण्यात बर्फ पाहायचा तर उसाच्या गुऱ्हाळात जावं लागतं. पण हे बोलून दाखवलं तर सूनबाई 'बाबा, प्लीज' म्हणते. पूर्वी असल्या कामाला थर्माकोल किसून मिळायचा. २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तेव्हा बर्फ कापसाचा करायचं ठरलं आणि तो करायला आज्यांना बोलावलं. सतरंजीवर सात-आठ आज्या गोलात बसल्या. समोर कापसाचा ढीग. ताई म्हणाल्या, 'छोटे छोटे गोळे करा' आणि आत गेल्या. आता, पुण्यातल्या आजीच्या हातात कापूस दिला आणि शेजारी गप्पांना दुसरी आजी बसवली, तर त्याचं काय होतं हे कुणीही सांगेल. तासाभराने ताई बाहेर आल्या तेव्हा बर्फ पसाभर होता आणि फुलवाती त्रिपुरी पौर्णिमेला पुरून उरतील इतक्या. एका आजींनी तर लांबलचक वस्त्र करून त्याला मधेमधे कुंकवाची बोटंही लावली होती.

ताई हुशार. त्यांनी तेच वस्त्र बर्फाच्या माणसाला मफलर म्हणून गुंडाळलं. माणसाला नाक म्हणून गाजर होतं. ते पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी खाल्लं. नवीन लावलं, तेही खाल्लं. नंतर ताईंनी नाकाचा नाद सोडला. बाहेर दुपारचं ऊन अठ्ठावीस अंशांचं, आत पांढऱ्या लोकरीत घामाघूम झालेली मुलं एकमेकांवर फुलवाती उडवताहेत आणि ताई इंग्रजीतून सांगताहेत, 'इट इज व्हेरी कोल्ड!' सगळी मुलं एका सुरात 'नो!' म्हणाली. शिक्षणावरचा माझा विश्वास त्या क्षणी वाढला.

क्रीडादिनाबद्दल थोडक्यातच सांगतो. शिट्टी वाजल्यावर सगळ्यांनी समोर पळायचं असतं. मुलं आपापल्या आईकडे पळाली. आया मैदानाच्या चहूबाजूंना उभ्या होत्या. आमची नात पळालीच नाही; तिला चुन्याच्या रेघेवर मुंगळा दिसला होता. पदक सगळ्यांना मिळालं. आजी-आजोबांच्या संगीत खुर्चीत मात्र पदक एकच होतं आणि त्या स्पर्धेत मला ज्या सत्तरीच्या बाईंनी कोपराने बाजूला केलं, त्या रोज सकाळी बागेत 'क्षमा आणि शांती' या विषयावर बोलतात.

खरं संकट आलं ते स्नेहसंमेलनात. विषय होता 'हिवाळ्याची मंडई'. मुलं भाज्या होणार, स्टेजवर एकेक भाजी येऊन दोन ओळी म्हणणार. गाजर, मटार, मेथी, फ्लॉवर, टोमॅटो, पावटा अशी यादी आली. सगळ्या घरांना गाजर हवं होतं. आमच्या वाट्याला मुळा आला आणि तो आमच्या मुळावरच आला. सूनबाईने ऑफिसातून फोन केला. 'बाबा, मुळा? मुळाच का?' जणू यादी मी केली होती. तिने ताईंशी बोलून पाहिलं, गाजराच्या आईशी बोलून पाहिलं. गाजराची आई म्हणाली, 'अगं, आमच्याकडे नारंगी फ्रॉक आधीपासून आहे.' यावर बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

मी भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदाराने वर न बघता सांगितलं, 'मुळा नाही. शिवाजी महाराज आहेत, झाशीची राणी आहे, फुलपाखरू आहे, स्पायडरमॅन दोन आहेत. पांढरा उंदीर चालत असेल तर बघा, शेपूट काढून देतो.' त्यांच्याकडे स्ट्रॉबेरीही होती. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरहून येते आणि थेट पोशाखाच्या दुकानापर्यंत पोचते. मुळा इथल्या मावळात, हवेलीत उगवतो आणि त्याला कुणी विचारत नाही.

घरी आमची ही शांतपणे शेंगा सोलत बसली होती. ही तीस वर्षं बालवाडीची शिक्षिका होती, पण प्ले-ग्रुपमध्ये हे कुणाला सांगायचं नाही अशी तिची ताकीद आहे. एकदा कळलं की कापसाचं सगळं काम गळ्यात पडेल. चार्टपेपर, चमकीचा डिंक, ग्लू-गन अशी मागणी शाळेकडून आली की ती एकच गोष्ट सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला कामाला लागल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची मुलं गुरं राखायला रानात जायची, शाळेत येईनात. तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. मोजायला बिया आणि शिंपले, रंगांना पानंफुलं. 'महागडी साधनं घेऊन बसल्या असत्या, तर पोरं गेली असती गुरांमागे,' असं म्हणून ही उठली आणि तिने कपाटातून माझा जुना पांढरा लेंगा काढला.

मी म्हटलं, 'तो चांगला आहे अजून.'

'म्हणूनच,' ती म्हणाली.

लेंग्याचा एक पाय तिने कापला. वरून रुंद, खाली निमुळता. मुळ्याला आणखी काय लागतं? दोन भोकं हातांना, आत अस्तर. डोक्यावर हेअरबँडला मंडईतला ताजा पाला बांधायचा. पाला आदल्या रात्री आणला, ओल्या फडक्यात ठेवला, तरी सकाळी घरभर वास. ओळीही हिनेच केल्या: 'पांढरा शुभ्र मी मुळा, कोशिंबीर करा, पोळीशी गिळा!' आठवडाभर हे घोकणं चाललं. मुलगा मीटिंगमध्ये म्हणून गेला. इस्त्रीवाल्याला पाठ झालं. नातीला तर उलटंही म्हणता यायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरलेला. प्रत्येक आईबापाचा मोबाइल डोक्यावर, त्यामुळे मागच्या रांगेला स्टेज दिसत नव्हतं, स्टेजचे चाळीस छोटे पडदे दिसत होते. पडदा उघडला. गाजर आलं, रडायला लागलं, गेलं. फ्लॉवर झोपलेला होता, त्याला ताईंनी कडेवर घेऊन दाखवला. मग मुळा आणि मटार एकत्र आले. मटाराने मुळ्याच्या डोक्यावरचं एक पान ओढलं, तोंडात घातलं, चावलं आणि तिखट लागल्यावर ते परत केलं. नातीने ते पान नीट न्याहाळून हेअरबँडमध्ये खोचलं. ताईंनी तिच्यापुढे माइक धरला. हॉलमधे शांतता. ही माझ्या शेजारी ओठांनी 'पांढरा शुभ्र' म्हणत होती. नातीने हॉलभर नजर फिरवली, तिसऱ्या रांगेत मी सापडलो, आणि खणखणीत आवाजात विचारलं,

'आजोबा, हा तुमचा लेंगा आहे ना?'

एवढ्या टाळ्या मला कालव्याचं पाणी वेळेवर सोडल्यावरही कधी मिळाल्या नव्हत्या.

तेव्हापासून मी त्या परिसरात मुळ्याचा आजोबा आहे. तसं तिथे कुणालाच स्वतःचं नाव नाही. डायनोसोरचे बाबा, गाजराची आई, फ्लॉवरची मावशी. बालरोगतज्ज्ञ मटाराचे बाबा निघाले. मुलाने कच्चं पान खाल्लं म्हणून त्यांनी रात्री मला फोन करून मुळा कुठून आणला ते विचारलं. फाटकावरचा वॉचमन 'मुळ्याचे आजोबा, छत्री राहिली' अशी हाक मारतो आणि रस्त्यावरचे लोक वळून बघतात. अभियंता म्हणून माझी पाटी ज्या कार्यालयावर होती, तिथे ती काढायला अर्धा दिवसही लागला नव्हता. ही पाटी निघेल असं दिसत नाही.

राहिलं बोरनहाण. संक्रांत ते रथसप्तमीच्या मधे एक शनिवार ठरला. काळे कपडे, हलव्याचे दागिने. आमच्या नातीने मुकुटाची पुढची बाजू रिक्षातच चाटून संपवली. काय काय ओतायचं यावर गटावर तीन दिवस चर्चा चालली. चॉकलेटला साखरविरोधी आयांनी हरकत घेतली. उसाचे करवे डोळ्याला लागतील म्हणून गेले. मटाराच्या बाबांनी मौन सोडून लिहिलं, की बोराची बी घशात अडकू शकते, तेव्हा बोरं ओतावीत पण लहानांनी खाऊ नयेत. शेवटी चुरमुरे, बत्तासे आणि बोरं उरली. बोरं आणायची जबाबदारी फ्लॉवरच्या बाबांनी घेतली, कारण ते कंपनीत खरेदी विभागात आहेत. बोरनहाणाला चण्यामण्या बोरं आणतात, वाटाण्याएवढी. खरेदी विभागाने मार्केट यार्डात भाव काढले आणि किलोला परवडतं म्हणून उमराण उचलली. एकेक बोर लहान चिकूएवढं.

ती पोरांच्या डोक्यावर ओतायची कुणाची हिंमत होईना. मग चुरमुरे आणि बत्ताशांवर भागवलं. मुलांनी पाच मिनिटांत जमीन साफ केली आणि त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या भरलेल्या टोपलीकडे गेलं. पाट रिकामा होता.

'आता मुळ्याच्या आजोबांना बसवा!' गाजर म्हणालं. त्या दिवशी ते रडत नव्हतं.

मी हिच्याकडे बघितलं. बोरनहाण पाच वर्षांपर्यंतच करतात, हे तिने सांगायला हवं होतं. तीस वर्षांच्या अनुभवी शिक्षिकेने नातीच्या डोक्यावरचा उरलासुरला हलव्याचा मुकुट काढला, माझ्या टकलावर ठेवला आणि टोपली मुलांच्या हाती दिली.